डाव्या हाताचं संयुग

खोक्याची चिकटपट्टी मी कात्रीनं कापली, सगळ्यात वरचं पेंडंट उचलून खिडकीपाशी नेलं आणि दोनदा फिरवून पाहिलं.

"आण बघू इकडे," आमच्या विभागप्रमुख संयोगिता माने म्हणाल्या. मी हलले नाही, तेव्हा त्यांनी खोक्यातलं दुसरं उचललं. "अगं, काय सुरेख आलंय! गेल्या वर्षीच्या धूमकेतूपेक्षाही छान. पोरी खूश होतील."

"मॅडम, हे उलटं आहे."

"उलटं कसं? कडी वरच आहे की."

"आकृती उलटी आहे. आरशातली."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पेंडंट डोळ्यांजवळ नेलं. चांदीच्या पातळ पत्र्यावर सहा कोनांचं एक कडं होतं, कड्याला एक शेपटी, आणि शेपटी जिथं जोडली होती तिथं दोन छोटे हात: एक पत्र्यातून वर उठलेला, एक आत दबलेला. मॅडम भौतिक रसायनशास्त्र शिकवायच्या; असल्या आकृत्या त्यांच्या रोजच्या नव्हत्या. त्यांना दिसायला थोडा वेळ लागला. मग त्या खुर्चीत बसल्या.

"सगळी?"

मी खोकं टेबलावर पालथं केलं. एकाच ठशातून निघालेली नव्वद पेंडंटं. "सगळी."

पावणेअकरा झाले होते. कार्यक्रम चारला होता.

आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात तेव्हा एक प्रथा होती. विज्ञान दिनाला शास्त्र शाखेच्या मुली एका स्त्री-शास्त्रज्ञाच्या कामाची खूण गळ्यात घालायच्या, काळ्या गोफात ओवलेली. पहिल्या वर्षी उसाचं पेर होतं, दुसऱ्या वर्षी धूमकेतू. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदाच ती शास्त्रज्ञ जिवंत होती आणि आमच्याच गावात राहत होती. सरोजिनी तेंडोलकर. आठवी ते दहावी मला त्यांनीच शास्त्र शिकवलं होतं. त्यांच्या नावामागे डॉक्टर नव्हतं.

बाईंची दृष्टी काचबिंदूनं गेली होती. मूत्रपिंडंही निकामी झाली होती. जानेवारीत मी त्यांना विचारायला गेले, तेव्हा त्या एका अटीवर तयार झाल्या होत्या. "शाल नको, नारळ नको, भाषण तर नकोच नको. मी शोधलेलं संयुग नीट काढ आणि माझ्या हातात दे. बोटांना कळेल असं." म्हणून तर आम्ही आकृती उठावाची केली होती. पण फेब्रुवारीच्या शेवटी, कार्यक्रमाच्या चारच दिवस आधी, बाईंनी डायलिसिस बंद करायला सांगितलं. डॉक्टरांनी त्यांच्या भाच्याला बाजूला घेऊन किती दिवस उरलेत ते सांगितलं होतं. तरी बाई म्हणाल्या, "अठ्ठावीसला तासभर जाणार आहे. कबूल केलंय."

"आता काय करणार?" माने मॅडम म्हणाल्या. "आहेत ती वाटू. डावं काय आणि उजवं काय, कुणाला कळणार आहे?"

"बाईंना."

"त्यांना दिसत नाही, सुमेधा."

"बोटांना कळतं."

"अगं, त्या कुठल्या अवस्थेत आहेत, आणि तू कसला कीस काढतेस!"

"मॅडम, दुसरी कुठली चूक असती तर मी गप्प बसले असते. पण ही तीच आहे. ज्या चुकीवरून त्यांचं सगळं गेलं, ती. आपण ती चांदीत करून त्यांच्या हातात देणार आहोत."

मी सहा पेंडंटं रुमालात बांधली आणि स्कूटर काढली.

हुपरीला पोचायला पाऊण तास लागला. तिथं घराघरात चांदीचं काम चालतं, पण पोलादात ठसे कोरणारी बाई मला एकच माहीत होती. पद्मावती मगदूम, सगळ्यांची पद्माक्का. नवरा गेल्यावर त्याची हत्यारं तिनं विकली नाहीत, स्वतः चालवायला घेतली. मी गेले तेव्हा ती पाटावर बसून एक जोडव्यांचा ठसा घासत होती.

"या की ताई. आज तर तुमचा कार्यक्रम न्हवं?"

मी रुमाल सोडून पेंडंट तिच्यापुढे ठेवलं. "पद्माक्का, हे उलटं छापलंय."

"न्हाई."

"छापलंय हो."

"थांबा." ती उठली आणि फळीवरून माझा कागद आणि तिचा ठसा काढून आणला. "ह्यो तुमचा कागद. ह्यो माझा ठसा. ठसा कागदाच्या उलटा कोरायचा, मग चांदीवर कागदासारखंच उमटतंय. माझ्या सासऱ्यापास्नं असंच चालत आलंय. हितं कुठं चुकलंय, दावा."

मी कागद उजेडाकडे धरला.

"कागदच उलटा आहे," मी म्हणाले. "ठशाला उलटी आकृती लागते म्हणून मी आधीच उलटी काढून दिली. तुमचं काम वाचावं म्हणून."

"आनि मला सांगितलं न्हाईसा?"

"नाही."

"आगं बया." ती खाली बसली. "तुमी उलटं केलासा, मी उलट्याचं उलटं केलं. लई शिकल्याली माणसं लई काळजी घेत्यात बघा."

मग ती पुन्हा उठली. या वेळी डबा उघडला आणि कागदात गुंडाळलेला शिशाचा तुकडा माझ्या हातात दिला. चांदी छापण्याआधी ती ठसा शिशावर मारून नमुना पाठवायची. पंधरा दिवसांपूर्वी तो माझ्याकडे आला होता. गुंडाळलेल्या कागदावर माझं अक्षर होतं. "उंची, खोली, रुंदी तपासली. योग्य." खाली सही आणि तारीख.

मला तो दिवस आठवला. व्हर्नियर लावून मी त्या उठावाची उंची मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजली होती. कुठला हात वर आणि कुठला खाली, ते पाहिलंच नव्हतं. ते मला पाठच होतं, म्हणून.

"नवा ठसा?" मी विचारलं.

"आठ दिस."

"चार वाजता पाहिजे."

"मग द्येव घडवंल." तिनं पेंडंट हातात घेतलं आणि पालथं केलं. "असं पाठीमागनं घातलं तर?"

मी ते आधीच करून पाहिलं होतं, वाटेत, स्कूटर बाजूला लावून. "नाही. मागून बघितलं की डावं उजवं बदलतं, पण वरचा हातही खाली जातो आणि खालचा वर येतो. दोन्ही बदललं की पुन्हा तेच. डावा हात पालथा केला म्हणून उजवा होत नाही."

ती पेंडंटावरून अंगठा फिरवत राहिली. वर उठलेल्या हातावरून, मग दबलेल्यावरून.

"आनि ह्ये वरचं खाली दाबलं, खालचं वर काढलं तर? नुसतं येवढंच दोन. बाकीच्याला हात न लावता?"

मी डोळे मिटले. आकृती मनात धरली, दोन हात बदलले, मग सगळी आकृती फिरवून पाहिली. पुन्हा एकदा फिरवली. घाईत चूक होईल अशी भीती वाटत होती आणि घाई तर होतीच.

"होईल," मी म्हणाले. "मागून काढल्यासारखं दिसेल. पण संयुग बरोबर असेल."

"मग बसा. आनि शिवू नका मला."

पहिलं पेंडंट तिनं डांबरावर बसवलं, बारीक पोगर टेकवून हातोडीनं वरचा हात खाली ठोकला, आणि पत्रा चिरला. केसाएवढी फट. तिनं ते बाजूला टाकलं. "छापताना चांदी कडक हुती. तापवून मऊ कराय पायजे." दुसरं तापवताना कडीचा डाख वितळला आणि कडी गळून पडली. तिनं तेही बाजूला सारलं. तिसरं मऊ झालं, वरचा हात खाली गेला, मग खालचा वर काढताना आरपार भोक पडलं. एक वाजत आला होता. रुमालात तीन उरली होती.

"लहान हाय ओ ह्ये," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात रडवेपणा आला. "नुसता एक हात तर हाय. त्यापायी येवढं काय आडलंय त्या बाईचं?"

ती चौथं तापवत होती. ज्योत पत्र्याभोवती फिरत होती. तिच्या हाताकडे न बघता मी सांगितलं.

"बाई पंचविशीत होत्या. एका रानवेलीच्या मुळातून त्यांनी ते संयुग वेगळं काढलं. तीन वर्षं लागली. असलं संयुग दोन हातांसारखं डावं किंवा उजवं असतं, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. त्यांच्या मार्गदर्शक सरांनी घाईघाईनं पेपर लिहिला, त्यात ते उजवं दाखवलं. पुढं बाईंनीच त्याचे तुकडे करून पाहिले, तेव्हा ते डावं निघालं. त्या सरांकडे गेल्या. सर म्हणाले, पेपर छापून आलाय, कोण बघतंय."

"मग बाईनं गप बसायचं हुतं की."

"सगळे तेच म्हणाले."

"न्हाई बसली?"

"नाही. त्यांच्या प्रबंधावर सरांनी सही केली नाही. दोन वर्षं वाट बघून त्या इथं शाळेत शिक्षिका झाल्या. पंधरा वर्षांनी परदेशात कुणीतरी ते डावं आहे म्हणून छापलं. बाईंचं नाव कुठंच नाही."

"डावं तर डावं," पद्माक्का पुटपुटली. मग ज्योत बंद केली, पेंडंट पाण्यात सोडलं. चर्र झालं. "काय म्हणालासा नाव?"

"सरोजिनी."

तिनं पोगर बदललं. याचं टोक जरा गोल होतं. ती इतकी हळू ठोकत होती की आवाजही येत नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

अडीच वाजता तिनं हाक मारली. चौथं झालं होतं. दोन्ही हात बदलले होते. जवळून पाहिलं तर ठोकल्याच्या बारीक खुणा दिसत होत्या, पण पत्रा अखंड होता.

तेवढ्यात माने मॅडमचा फोन आला. "कुठं आहेस? मुलींना वाटून टाकली मी. सगळ्या घालून फोटो काढताहेत. आता परत मागता येणार नाहीत, सांगून ठेवते."

"सगळ्यांना?"

"चौऱ्याऐंशी जणी. बाईंचं आणलंस ना? मग झालं तर. बाई आपलंच हातात घेणार, दुसऱ्याचं कशाला बघतील?"

मी पद्माक्काकडे पाहिलं. ती हसली. "एकाला येवढा येळ. चौऱ्याऐंशीला किती, ते तुमीच काढा." मग मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली. "ताई, एक सांगते. तिथं कुणी इचारलं तर माझं नाव नका घेऊ. ठसा चुकला म्हणून एकदा बोभाटा झाला, की सराफ काम द्याय न्हाईत. बाईच्या हाताचं काम, आधीच नाक मुरडत्यात."

"चूक तुमची नाहीच, पद्माक्का."

"ते तुमाला म्हायती. मला म्हायती."

मी तिला शब्द दिला.

बाई चारला पाच कमी असताना आल्या. भाचा मंदार चाकाची खुर्ची ढकलत होता. बाईंचे पाय सुजले होते, चेहरा पिवळट झाला होता, पण निऱ्या नीट होत्या. सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत शहरातले दोन सराफ बसले होते, त्यांच्या घरच्या लेकी-सुना आमच्या माजी विद्यार्थिनी होत्या. मागे चौऱ्याऐंशी मुली, काळा गोफ, चांदी.

माने मॅडमनी दोन शब्द बोलून ध्वनिक्षेपक टेबलावर ठेवला. मी बाईंच्या तळहातावर पेंडंट ठेवलं.

"सुमेधा?"

"हो बाई."

त्यांनी दोन्ही हातांनी ते धरलं. तर्जनी कड्यावरून सहा कोन मोजत गेली, शेपटीवर आली, थांबली, दोन हातांवर पोचली.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

माने मॅडमनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मुलींनी उचलून धरल्या. बाईंचं बोट मात्र थांबलं नव्हतं. ते परत मागे गेलं.

"हे मागून काढलंयस."

"हो बाई."

"का?" त्यांनी नखानं त्या जागेवर हळूच खरवडलं. "आणि इथं ठोकलंय. आधी दुसरं काहीतरी होतं. बाकीच्यांची कशी आहेत?"

मी मागच्या मुलींकडे पाहिलं.

"एका मुलीला इकडं बोलाव."

मुलींच्या पहिल्या ओळीतली एक आपणहून आली आणि खुर्चीपुढं गुडघे टेकून बसली. तिला वाटलं, आशीर्वाद मिळणार. बाईंनी हात पुढं करून तिच्या गळ्यातलं पेंडंट चाचपलं. या वेळी तेवढा वेळ लागलाच नाही. दोन सेकंदांत त्यांचा हात मागे आला, चटका बसल्यासारखा.

"हे सरांचं आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझं नाही. सगळ्यांच्या गळ्यात हेच?"

"हो," मी म्हणाले.

"आणि मला एकटीला बरोबर दिलंस."

"बाई, वेळ नव्हता. एकच..."

"अगं, बरोबर काय ते मला चाळीस वर्षं माहीत आहे. माहीत नाही ते यांना."

माने मॅडम पुढं झाल्या. त्यांनी ध्वनिक्षेपक उचलला. मला वाटतं, सभागृहातली कुजबुज थांबवावी एवढंच त्यांच्या मनात होतं. "बाई, आम्ही दिलगीर आहोत. हुपरीच्या कारागिराकडून चूक झाली. पद्मावती मगदूम म्हणून एक बाई आहे, तिनं ठसा उलटा कोरला. आम्हाला आजच समजलं."

पहिल्या रांगेतला एक सराफ शेजारच्याच्या कानाशी वाकला. शेजारच्यानं मान हलवली.

बाईंनी चेहरा माझ्याकडे वळवला. मी कुठं उभी आहे ते त्यांना आवाजावरून माहीत होतं. त्या थांबल्या. मी बोलायची वाट बघत थांबल्या, असं मला आजही वाटतं. शब्द माझ्या जिभेवर होते. समोर माझ्या विद्यार्थिनी होत्या, प्राचार्य होते, विभागप्रमुख शेजारी उभ्या होत्या. मी गप्प बसले.

बाईंनी मान खाली घातली. मग गुडघे टेकून बसलेल्या मुलीचा हात शोधून काढला. "नाव काय तुझं? बरं. हे बघ, डोळे मीट. हे तुझं. वरचा हात कुठं आहे? आता हे माझं. इथं काय आहे? समजला फरक? तुझं चूक आहे, हे बरोबर. जा. पुढची."

मुली आधी घुटमळल्या. मग एकामागे एक रांग लागली. प्रत्येकीचं बोट बाई आपल्या हातात धरायच्या, आधी तिच्या पेंडंटवर, मग स्वतःच्या. "वरचा कुठं? खालचा कुठं? जा. पुढची." मंदार दोनदा म्हणाला, "मावशी, तास झाला." तिसऱ्यांदा त्यानं खुर्चीचा ब्रेक काढला, तर बाईंनी चाक हातानं धरून ठेवलं. पाहुणे चहाला उठायच्या बेतात होते, पण कुणी उठलं नाही. सत्ताविसाव्या मुलीच्या वेळी त्यांना वरचा हात सापडेना. त्यांनी पुन्हा शोधला. मग पेंडंट माझ्या दिशेनं धरलं.

"राहिलेल्यांना तू सांग," त्या म्हणाल्या. "नीट सांग."

मंदारनं खुर्ची वळवली. मधल्या वाटेनं चाकांचा आवाज दूर गेला. बाई गुरुवारी गेल्या. मी त्यानंतर त्यांना पाहिलं नाही.

माझ्यासमोर अठ्ठाविसावी मुलगी उभी होती, दुसऱ्या वर्षाची तबस्सुम मुल्लाणी. प्रात्यक्षिकाला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. तिनं गळ्यातलं पेंडंट चिमटीत धरून उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, त्या हुपरीच्या बाईंना कळलंच नाही का, डावं कुठलं आणि उजवं कुठलं?"

सराफ अजून पहिल्या रांगेत होते. बाईंची खुर्ची दाराच्या उंबऱ्याशी अडली होती, मंदार ती मागं झुकवून उचलत होता. मी माने मॅडमच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला. त्यांनी तो सोडला नाही. मी ओढला.

"पद्मावती मगदूम यांनी आकृती अगदी बरोबर कोरली," मी म्हणाले. माझा आवाज मोठा होऊन भिंतीवरून परत आला. "कागदावर ती मी उलटी काढून दिली होती. त्यांनी शिशावरचा नमुना माझ्याकडे पाठवला. मी तो मोजला, योग्य म्हणून लिहिलं आणि सही केली. आज ती चूक कशी सुधारायची, तेही त्यांनाच सुचलं. चूक माझी आहे. आणि आत्ता मी गप्प बसले, ती दुसरी."

दाराकडे पाहायचा मला धीर झाला नाही. पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

तबस्सुम खाली बसली, तिनं डोळे मिटले आणि बोट पुढं केलं.

"दाखवा, मॅडम," ती म्हणाली.